एका बेंटलीचा मुकदमा

सन १९९० च्या एप्रिल महिन्याच्या ७ तारखेस इंग्लंडात एका जुन्या मोटारीच्या विक्रीचा करार झाला. मोटार बेंटली कंपनीची, वयाने साठीची, आणि ठरलेला मोबदला एक कोटी पौंडांचा. त्या काळी जुन्या मोटारींच्या बाजाराला अशी काही भरती आली होती की, लंडनच्या लिलावगृहांतून रोज नवे उच्चांक कानी पडत असत. तरीही एका मोटारीस एक कोटी पौंड हा आकडा ऐकून जाणत्यांच्याही भुवया उंचावल्या. मोटारीचे प्रसिद्ध नाव ‘ओल्ड नंबर वन’. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिने जिंकली ती हीच, असे सांगून विकणाऱ्याने ती विकली आणि तसेच समजून घेणाऱ्याने ती घेतली. घेणारी मिडलब्रिज सिमिटार नावाची कंपनी होती. पुढे तिच्या कानावर जाणकारांची कुजबुज गेली, की या गाडीत १९२९ सालचे लोखंड शोधू गेल्यास हाती फारसे काही लागायचे नाही. तेव्हा करारात वर्णन केलेली वस्तू ही नव्हेच, अशी भूमिका घेऊन कंपनीने पैसे देण्याचे नाकारले. विक्रेत्याने फिर्याद गुदरली. न्यायमूर्ती ओटन यांच्यापुढे साक्षीपुरावे झाले, तज्ज्ञांच्या जबान्या झाल्या, जुनी छायाचित्रे व कारखान्याची दप्तरे धुंडाळली गेली आणि त्याच वर्षाच्या जुलै अखेरीस निवाडाही बाहेर पडला. आपल्याकडील दिवाणी दाव्यांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना या मुकदम्यातील सर्वांत आश्चर्यकारक गोष्ट बहुधा हीच वाटेल.

मुद्दा दिसायला साधा होता: ही मोटार ‘ती’ मोटार आहे की नाही? परंतु हौशी मोटारप्रेमी मंडळी ज्या प्रश्नावर एरवी चहाचे पेले थंड होईतो वाद घालीत बसतात, तो प्रश्न येथे शपथेवर, वकिलांच्या उलटतपासणीत, एक कोटी पौंडांच्या जोखमीवर विचारला जात होता. आणि म्हणूनच जुन्या वस्तूंचे मोल आपण कशाचे म्हणून देतो, याचा जितका स्वच्छ विचार या निवाड्यात झाला तितका कलासमीक्षेच्या मोठमोठ्या ग्रंथांतूनही क्वचितच आढळतो, असे माझे मत आहे.

बेंटली कंपनीचा मूळ अवतार फार अल्पायुषी ठरला. वॉल्टर ओवेन बेंटली हे आगगाडीच्या कारखान्यात उमेदवारी केलेले गृहस्थ. पहिल्या महायुद्धात त्यांनी विमानांसाठी इंजिने घडवली आणि युद्ध संपताच १९१९ साली स्वतःची मोटार कंपनी काढली. पुढे लंडनच्या क्रिकलवुड भागात तिचा कारखाना उभा राहिला. इंजिनविद्येत हा मनुष्य जितका निष्णात, तितकाच जमाखर्चात कच्चा. कंपनी अखंड कर्जात असे. १९२६ साली तिला तारण्यास वुल्फ बार्नाटो नावाचा तरुण धनिक पुढे आला. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत अमाप संपत्ती मिळवणाऱ्या बार्नी बार्नाटोचा हा पुत्र. कंपनीचा अध्यक्ष तोच आणि तिच्या गाड्या शर्यतीत हाकणाराही तोच, असा दुहेरी योग त्याच्या ठायी जुळून आला होता. ल मान्सच्या शर्यतीत तो तीन वेळा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला. अशा हौशी, सधन आणि जिवावर उदार झालेल्या चालकांच्या टोळक्याला त्या काळची वर्तमानपत्रे ‘बेंटली बॉइज’ म्हणत. १९२९ साली बार्नाटो आणि सर हेन्री बर्किन या जोडीने १ क्रमांकाची ‘स्पीड सिक्स’ हाकून शर्यत जिंकली आणि तिच्या पाठोपाठ दुसरा, तिसरा, चौथा असे तिन्ही क्रमांक बेंटलीनेच पटकावले. मोटारीचे टोपणनाव या १ क्रमांकावरूनच पडले. पुढल्या वर्षी बार्नाटोच्या जोडीला ग्लेन किडस्टन होता. जर्मनांची बलाढ्य मर्सिडीज त्या वर्षी शर्यतीतून मधेच बाद झाली आणि विजय पुन्हा त्याच बेंटलीच्या पदरी पडला. पण विजयांनी कर्ज फिटत नसते. १९३१ साली कंपनी दिवाळ्यात निघाली आणि रोल्स-रॉइसने आपले नाव पडद्याआड ठेवून, एका मध्यस्थ पेढीच्या करवी, ती गिळंकृत केली.

येथे एक तांत्रिक गोष्ट सांगितली नाही तर पुढील वादाचे मर्म ध्यानी येणार नाही. आज आपण दुकानात जाऊन सबंध मोटार विकत घेतो. तेव्हाच्या बेंटलीचे तसे नव्हते. कारखाना विकी ती केवळ चेसिस, म्हणजे पोलादी चौकट, इंजिन, गिअरबॉक्स, आस, चाके आणि पुढला रेडिएटर. तिच्यावर देह चढवण्याचे काम व्हँडन प्ला, एच. जे. मलिनर, गर्नी नटिंग अशा स्वतंत्र गाडीकारागिरांचे असे. ग्राहकाची जशी ऐपत व रसिकता, तसा देह: कोणाला बंदिस्त सलून, कोणाला दुमडत्या टपाची, कोणाला शर्यतीची उघडी चारआसनी. शर्यतीच्या गाड्यांचा देह तर अॅश जातीच्या लाकडाच्या सांगाड्यावर रोगण दिलेले कापड ताणून केलेला असे. वजन वाचवणे हा त्याचा एकमेव धर्म होता, टिकणे हा नव्हे. म्हणजे या जातीची मोटार जन्मतःच दोन-तीन कारखान्यांच्या हातची, संयुक्त स्वरूपाची. तिच्यातील काही भाग शतकभर जगण्याच्या लायकीचे, तर काही दहा पावसाळ्यांतच कुजून जायचे. या दुसऱ्या भागांचे अस्सलपण मागणे म्हणजे चालत्या गाडीऐवजी कुजलेल्या गाडीची मागणी करण्यासारखेच आहे.

त्यातून ‘ओल्ड नंबर वन’ हिचा जीवनक्रम निवांत नव्हता. शर्यतीची मोटार ही तिच्या मालकाच्या दृष्टीने स्मारक नसते, हत्यार असते; ज्या भागाचा भरवसा वाटत नाही तो काढावा, बरा मिळेल तो बसवावा, हाच तेथील शिरस्ता. १९२९ ची शर्यत आणि १९३० ची शर्यत यांच्या दरम्यानच तिच्यातील पुष्कळसे भाग पालटले गेले. १९३१ साली इंग्लंडमधील ब्रुकलंड्सच्या सिमेंटी, कलत्या कडांच्या धावपट्टीवर ती पाचशे मैलांची शर्यत जिंकली. १९३२ साली तिच्यात साडेसहा लिटरच्या इंजिनाऐवजी आठ लिटरचे प्रचंड इंजिन बसवून तीच शर्यत पुन्हा जिंकण्याचा घाट घातला गेला, आणि तेथे अनर्थ झाला. क्लाइव्ह डन्फी हा गाडी हाकीत असता ती कलत्या धावपट्टीच्या माथ्यावरून पलीकडे गेली आणि क्लाइव्ह जागच्या जागी गतप्राण झाला. त्याची पत्नी, अभिनेत्री जेन बॅक्स्टर, त्या दिवशी मैदानात हजर होती. भग्न गाडी बार्नाटोने टाकून दिली नाही. तिची पुन्हा जुळणी करवून, नवा देह चढवून, रस्त्यावर वापरण्याजोगी केली. पुढील पाच-सहा दशकांत ती अनेक हातांतून गेली आणि अखेर फिर्यादीच्या हाती येऊन, शर्यतीच्या दिवसांतील रूपाजवळ नेणारा जीर्णोद्धार तिचा झाला.

न्यायमूर्तींनी मोजदाद केली ती अशी: १९२९ च्या शर्यतीतील गाडीचा म्हणता येईल असा भाग आजच्या गाडीत जवळजवळ नाहीच. १९३० च्या गाडीतील पेडलांचा आडवा दांडा, गिअरबॉक्सचे ओतीव कवच आणि स्टिअरिंगचा खांब एवढेच बहुधा उरले आहे. १९३२ च्या गाडीतील मात्र बरेच शाबूत आहे: पोलादी चौकट, स्प्रिंगा व त्यांच्या जोडण्या, पुढल्या आसाची तुळई, मागल्या आसाचे घर, मागचे ब्रेक, आठ लिटरचे इंजिन. आता ज्या दोन विजयांपायी गाडीला कीर्ती आणि किंमत लाभली, ते विजय १९२९ व १९३० मधले. आणि लोखंड मुख्यतः १९३२ चे. प्रतिवादी कंपनीच्या वकिलांना याहून अनुकूल मोजदाद कोणती हवी होती? एका पेडलदांड्यासाठी एक कोटी पौंड मोजायचे काय, असा त्यांच्या कैफियतीचा सारांश सांगता येईल.

आणि तरीही निकाल फिर्यादीच्या बाजूने लागला. न्यायमूर्तींनी प्रथम हे मान्य केले की, कारखान्यातून निघाली त्याच घटकांची ही गाडी नाही, तेव्हा ‘मूळची’ हे विशेषण तिला लावता येणार नाही. पण दुसऱ्या बाजूने ती नक्कल नव्हे, आणि मोडीत निघालेल्या गाडीच्या नावावर पुढे कोणी नव्याने उभारलेले बांधकामही नव्हे. ती ‘खरी’ ‘ओल्ड नंबर वन’ आहे, कारण तिच्या आयुष्यात असा एकही क्षण दाखवता येत नाही की ज्या क्षणी एक गाडी संपली आणि दुसरी सुरू झाली. नवा भाग आला तो अस्तित्वात असलेल्या गाडीत आला, तिच्यात मुरला आणि तिचाच झाला. या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी बेंटली जगात नाही, पूर्वीही नव्हती. आणि विकायला काढला होता तो तिचा धातू तर खराच, पण त्याबरोबर तिचा इतिहास आणि तिची कीर्तीही, हे न्यायमूर्तींनी निःसंदिग्ध शब्दांत नोंदवले.

हा युक्तिवाद ऐकून आपल्याकडील वाचकाला मिलिंदराजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादाची आठवण न होणे अशक्य आहे. योगायोग असा की तेथेही दृष्टांत वाहनाचाच आहे. राजा रथात बसून भेटीस आला असता भिक्षू नागसेन त्यास पृच्छा करतो की, रथ म्हणजे काय. जोखड रथ आहे काय, आस रथ आहे काय, चाके रथ आहेत काय? राजा एकेक नाकारतो आणि अखेर कबूल करतो की या साऱ्यांच्या मेळास ‘रथ’ ही व्यवहारातली संज्ञा आहे. परंतु न्यायमूर्ती ओटन यांच्या निवाड्याशी अधिक जवळचा दृष्टांत नागसेनाचा दुसरा आहे: रात्रीच्या पहिल्या प्रहरी जळणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरी जळणारी ज्योत एकच की निराळी? तीच नव्हे, आणि दुसरीही नव्हे. आमचे नैयायिक मात्र प्रतिवादीच्या बाजूने उभे राहिले असते. अवयवी हा अवयवांहून भिन्न असला तरी अवयव पालटला की पूर्वीचा अवयवी नष्ट होतो आणि नवा उपजतो, ‘हीच ती’ असे आपल्याला वाटते ते केवळ सादृश्यामुळे, अशी त्यांची भूमिका. आणि त्या हिशेबाने ‘ओल्ड नंबर वन’ गॅरेजातून बाहेर पडताना प्रत्येक खेपेस निराळी गाडी ठरते. तर्कशास्त्र म्हणून ते अभेद्य असेल. पण त्या तर्काने खरेदीखत करता येत नाही, कारण रजिस्टर कचेरीत नाव एकच लिहावे लागते.

मोटारप्रेमी मंडळींचे समाधान या निवाड्याने झाले असे मात्र नाही. त्यांच्यात मुख्यतः दोन तट आहेत. एक तट धातूवाद्यांचा: चेसिसवरचा क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक आणि कारखान्याच्या नोंदवहीतील क्रमांक हे तिन्ही जुळले तर गाडी खरी, एरवी सारी कहाणी. दुसरा तट कागदवाद्यांचा: धातू बदलणारच, तेव्हा कोणत्या वर्षी काय, कोणी आणि का बदलले याची पावती, छायाचित्र, पत्र दाखवा, म्हणजे आम्ही मानू. पहिल्यांचे शस्त्र भिंग व टॉर्च, दुसऱ्यांचे शस्त्र दप्तर. आणि गाडी विक्रीस निघाली की दोघेही तिच्याखाली आडवे होतात. माझी सहानुभूती दुसऱ्यांच्या बाजूला आहे. कारण क्रमांक ठोकून घेणे सोपे असते. शिवाय धातूवाद्यांच्या शुद्धीच्या आग्रहाने प्रत्यक्षात गाड्यांचे नुकसानच अधिक झाले. बेंटलीच्या कितीतरी चेसिसांवर मूळचे जड, बंदिस्त, वृद्ध गृहस्थांच्या सोयीचे सलून होते; बाजारात भाव ल मान्सच्या उघड्या रूपाला, म्हणून ती सलूने उतरवून फेकली गेली आणि त्या जागी हिरव्या रंगाचे उघडे देह चढले. क्रमांक सारे जुळतात, चेसिस अस्सल, इंजिन अस्सल. फक्त ती गाडी तिच्या जन्मी कधीच जशी नव्हती तशी आज दिसते. अशा गाडीला ‘खरी’ म्हणायचे आणि ‘ओल्ड नंबर वन’ला खोटी, हा न्याय माझ्या पचनी पडत नाही.

पण नुसती कीर्तीही फसवते, याचा दाखला त्याच बार्नाटोच्या दुसऱ्या एका गाडीत मिळतो. १९३० च्या मार्चमध्ये त्याने पैज मारली की, दक्षिण फ्रान्सहून निघणारी ‘ब्लू ट्रेन’ कॅलेला पोहोचण्याआधी आपण लंडनच्या आपल्या क्लबात असू. आणि ती त्याने जिंकली. ज्या गाडीने तो हे करून गेला ती म्हणजे गर्नी नटिंगने घडवलेली, पाठीमागे उतरत्या टपाची देखणी स्पीड सिक्स कूपे, असे पुढे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. त्या प्रसंगाचे चित्रही टेरेन्स क्युनिओ या चित्रकाराने त्याच गाडीचे काढले. नंतर संशोधकांनी तारखा ताडून पाहिल्या तेव्हा निष्पन्न झाले की, ही कूपे पैजेनंतर, त्याच वर्षाच्या मे महिन्यात तयार झाली. पैज जिंकली ती एका साध्या, मलिनर-देहाच्या सलूनने. म्हणजे कूपेचा धातू अव्वल, बार्नाटोची मालकीही खरी, कीर्ती तेवढी उसनी. तरी आजही हौशी मंडळी तिला ‘ब्लू ट्रेन’ म्हणूनच ओळखतात आणि नकला करणारे नक्कल करतात ती तिचीच, खऱ्या सलूनची नव्हे.

गिरगावात उभा जन्म जुन्या गाड्यांखाली काढलेल्या, व्हाइट मेटलची बेअरिंगे हाताने ओतून घासून बसवणाऱ्या थोड्या लोकांपैकी एक असलेल्या एका वृद्ध मिस्त्रींना मी हा सारा निवाडा सविस्तर ऐकवला. त्यांनी मान डोलावीत ऐकून घेतला आणि म्हणाले, “साहेब, एवढं लांबण कशाला? इंजिन बदललं तेव्हा आरसी बुकात नोंद केली का, ते विचारा. केली असेल तर गाडी तीच. नसेल केली, तर मालकाचं तोंड बघा.” मी विचारले, आणि बॉडी? “बॉडी काय, कपडे आहेत. पण बाबा, ज्याचे कपडे त्याला शोभले पाहिजेत.” कागदवाद्यांची बाजू इतक्या थोडक्यात कोणा बॅरिस्टरने मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडील अडचण इंग्लंडच्या नेमकी उलट आहे. संस्थानिकांनी युद्धपूर्व काळात जगातील उत्तमोत्तम मोटारी मागवल्या. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची काळ्या-नारिंगी रंगाची ड्यूसेनबर्ग, जिची चेसिस अमेरिकेची आणि देह लंडनच्या गर्नी नटिंगचा, ही त्यांतली विश्वविख्यात. संस्थाने विलीन झाली, १९७१ साली तनखे बंद झाले, आणि या काळात कितीतरी गाड्या मिळेल त्या किमतीस गेल्या. धातू पुष्कळदा शाबूत राहिला. नाहीसे झाले ते दप्तर. खासगी कारभाऱ्यांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या, आरसी बुके हरवली, मधल्या तीन-चार मालकांपैकी एकाने रोखीत व्यवहार केला. मग गाडी अमुक महाराजांची, तमुक नबाबांची, या गोष्टी तोंडोतोंडी फिरतात आणि विक्रीच्या वेळी त्यांचेच पैसे मागितले जातात. याला अपवाद कोल्हापूरची मेबॅक. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात आलेली ही जर्मन मोटार विजयादशमीच्या सायंकाळी दसरा चौकात येते आणि करवीरवासी ती आपली म्हणून पाहतात. तिची ओळख पटवण्यास कारखान्याच्या नोंदवहीची गरज कोणास भासत नाही. ती एका घराण्याच्या कब्जात, सबंध गावाच्या डोळ्यांसमोर वाढली. ओटनसाहेबांना जो अखंड इतिहास तज्ज्ञांच्या जबान्यांतून सिद्ध करून घ्यावा लागला, तो येथे दर दसऱ्यास हजारो साक्षीदारांसमक्ष नूतन होतो.

या पार्श्वभूमीवर २०२१ सालच्या जुलैत केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत जी भर घातली ती पाहण्यासारखी आहे. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी वा चारचाकी वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, फेरनोंदणीस पाच हजार, मुदत दहा वर्षे. गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांखेरीज रस्त्यावर आणायची नाही, धंद्यासाठी तर मुळीच नाही. हे सर्व समजण्यासारखे आहे. पण व्याख्येतच एक अट घातलेली आहे की, वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि चेसिस, देहाचे कवच किंवा इंजिन यांत फेरबदल करणारी कोणतीही मोठी दुरुस्ती त्यात झालेली नसावी. म्हणजे आमच्या सरकारने, कळत वा नकळत, धातूवाद्यांच्या बाजूने हुकूमनामा काढला. या कलमाच्या कसोटीस ‘ओल्ड नंबर वन’ लावली तर चेसिस, देह आणि इंजिन या तिन्ही परीक्षांत ती नापास होईल. ल मान्सची दोन वेळची विजेती आमच्या आरटीओच्या दारात केवळ एक जुने, फेरफार केलेले वाहन ठरेल. उलट, सलून फेकून हिरवे देह चढवलेल्या बेंटलीच्या मालकाने तोंड बंद ठेवले तर तिची नोंदणी बहुधा बिनतक्रार होईल, कारण चेसिस आणि इंजिन यांचे क्रमांक जुळतील आणि देहाची साक्ष द्यायला कोणी उरलेले नसेल.

अशा वाहनांची तपासणी करण्यासाठी राज्यांनी समित्या नेमाव्यात अशी तजवीज त्या नियमांत आहे, आणि खरी मुनसफी तेथेच व्हायची आहे. मुंबईच्या दमट हवेत अॅशच्या लाकडाचा सांगाडा कुजला म्हणून मालकाने १९५० च्या सुमारास सागवानाचा घातला, तर तो फेरबदल की दुरुस्ती? इंजिनाचा ठोकळा तडकला आणि त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीतला बसवला, तर? आणि त्याची नोंद कोठेच नसली, तर? समितीवर बसणाऱ्यांनी क्रमांकांवर भिंग फिरवण्याआधी मालकाकडून जुन्या पावत्यांचे पुडके मागवून घ्यावे, फेरफार झाला आहे की नाही एवढेच न विचारता तो कोणत्या साली आणि कोणत्या कारणाने झाला हे विचारावे, आणि ज्याने तो उघडपणे सांगितला त्याची गाडी त्या सांगण्यापायी बाद करू नये. एरवी महाराष्ट्रातील प्रत्येक मालक शहाणा होऊन आपले पुडके जाळून टाकील.